एकाच झाडाची शेकडो झाडे

मे १६६२च्या अखेरीस इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आपल्या नव्या राणीला घेऊन लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राहायला आला. राणी होती पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगांझा. तिच्या लग्नात मुंबईचे बेट इंग्लंडला आंदण मिळाले, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्या लग्नाच्याच सुमारास राजवाड्याच्या पूर्वेला आणखी एक काम सुरू होते. तिथल्या सपाट, उघड्याबोडक्या मैदानात नाकासमोर सरळ जाणारा एक लांबलचक कालवा खोदला जात होता आणि त्याच्या दोन्ही काठांनी लिंडन वृक्षांच्या रांगा लावल्या जात होत्या. वृक्षांचा जाणकार आणि प्रसिद्ध रोजनिशीकार जॉन एव्हलिन जून १६६२मध्ये तिथे गेला, तेव्हा झाडे लागली होती आणि कालवा पूर्ण होत आला होता.

मुंबईचा ताबा इंग्रजांना १६६५मध्ये मिळाला. १६६८मध्ये राजाने ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. त्यापुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. ‘लाँग वॉटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कालव्याकाठच्या झाडांचा इतिहास मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. साडेतीनशे वर्षांत ही झाडे म्हातारी झाली, वादळांत पडली, मध्येमध्ये बदलली गेली. अखेर २००३-०४मध्ये पाचशेहून अधिक नवी लिंडन झाडे लावून ही वृक्षवीथी पुन्हा उभी करण्यात आली. राजवाड्याचा एखादा दगड झिजला तर तेवढाच बदलता येतो. झाडांच्या रांगेत असे का करता येत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या झाडांच्या जन्मातच दडलेले आहे.

लिंडन म्हणजे लिंबू नव्हे

या झाडाला इंग्लंडमध्ये ‘लाइम’ म्हणतात. त्यामुळे आपल्याकडे हमखास लिंबाशी गल्लत होते. दोघांचा काडीचाही संबंध नाही. लिंडनचे शास्त्रीय नाव टिलिया. आधुनिक वर्गीकरणात ते जास्वंद, कापूस आणि भेंडी यांच्या कुळात मोडते. आपल्याकडचे त्याचे जवळचे नातलग म्हणजे फालसा आणि सह्याद्रीच्या जंगलातील धामण. धामणीच्या शास्त्रीय नावातला ‘टिलिफोलिया’ हा शब्द ‘टिलियासारखी पाने असलेली’ असे सांगतो. तागही याच गोतावळ्यातला. म्हणूनच लिंडनच्या आतील सालीपासून युरोपात शतकानुशतके दोर वळले गेले. वनस्पतींना दुहेरी नावे देण्याची पद्धत रूढ करणारा कार्ल लिनिअस याच्या घराण्याचे आडनावही एका मोठ्या लिंडन वृक्षावरूनच घेतलेले आहे.

लिंडनची पाने हृदयाच्या आकाराची असतात. उन्हाळ्यात त्याला फिकट पिवळी सुगंधी फुले येतात आणि झाडभर मधमाश्यांचा गुंजारव सुरू होतो. फ्रान्समध्ये या वाळवलेल्या फुलांचा काढा आजही घरोघरी प्यायला जातो. दोष म्हणाल तर या झाडावर मावा पडतो. त्याच्या चिकट्याने खाली उभ्या केलेल्या गाड्यांच्या काचा बरबटतात.

सतराव्या शतकातील राजमाळ्यांना मात्र फुलांपेक्षा याचे दुसरेच गुण महत्त्वाचे वाटत होते. लिंडन मोठे झाल्यावरही मुळांसकट उपटून दुसरीकडे लावले तर सहसा तग धरते. छाटणी सोसते. उंच आणि डौलदार वाढते, दाट सावली देते आणि दोन-तीनशे वर्षे सहज जगते. फ्रेंच उद्यानतज्ज्ञ आंद्रे मोले याने १६५१मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात राजवाड्यासमोर एल्म किंवा लिंडनच्या दुहेरी-तिहेरी रांगा लावाव्यात, अशी शिफारस केली होती. पुढे हाच मोले चार्ल्सच्या पदरी आला आणि लाँग वॉटरच्या आराखड्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते.

बी नको, कलम हवे

रांग लावायची तर झाडे एकसारखी हवीत. एक उंच, दुसरे बुटके, तिसरे एका अंगाला झुकलेले असे झाले तर रांगेचा दिमाख जातो. आणि बियांपासून वाढवलेल्या झाडांत नेमके हेच होते. आंब्याची कोय रुजवली तर उगवणारे झाड आईसारखेच आंबे देईल याची खात्री नसते, हे कोकणातल्या कोणत्याही बागायतदाराला विचारावे. म्हणून हापूसचे कलमच लावतात.

बागेतल्या लिंडनच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. वीथींसाठी वापरला जाणारा लिंडन हा संकर आहे. लहान पानांचा आणि मोठ्या पानांचा अशा दोन जातींच्या मीलनातून तो निपजला. त्याच्या बिया फारशा रुजत नाहीत. उत्तर युरोपातील थंड उन्हाळ्यात लिंडनची फळे अनेकदा पोकळच राहतात, कारण परागनलिका बीजांडापर्यंत वेळेत पोहोचण्यासाठी लागणारी ऊब हवेत नसते.

नेदरलँड्सच्या रोपवाटिकांनी यावर तोडगा काढला होता. पेरूचे दाब कलम करणाऱ्याला तो लगेच समजेल. लिंडनचे झाड जमिनीलगत कापायचे. त्याच्या खुंटाला असंख्य फुटवे येतात. त्यांच्या बुडाशी माती चढवायची. मातीत दडलेल्या भागाला मुळे फुटली की प्रत्येक फुटवा तोडून स्वतंत्र रोप म्हणून लावायचा. एका खुंटापासून वर्षानुवर्षे रोपे मिळत राहतात. डच व्यापाऱ्यांनी अशी रोपे हजारोंनी तयार केली आणि बोटींनी इंग्लंडला पाठवली. चार्ल्सच्या वनवासाचा काही काळ नेदरलँड्समध्येच गेला होता, १६६०मध्ये तो राज्यावर परतला तोही डच किनाऱ्यावरूनच. कालव्यांची आणि झाडांच्या रांगांची हौस त्याने तिथूनच बरोबर आणली असावी. हॅम्प्टन कोर्टची झाडेही तिथूनच आली.

या पद्धतीने तयार झालेले प्रत्येक रोप म्हणजे मूळ झाडाचाच एक तुकडा. विज्ञानाच्या भाषेत क्लोन. क्लोन म्हटले की आपल्याला डॉली मेंढी आठवते, पण माळी हे काम कित्येक शतके करत आले आहेत. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ डोनाल्ड पिगॉट यांनी सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये लावलेल्या लिंडन झाडांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा शोधनिबंध १९९२मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या सरदारांनी, वेगवेगळ्या परगण्यांत, वेगवेगळ्या दशकांत लावलेली ही झाडे मोजक्याच क्लोनची निघाली. म्हणजे ज्यांना आपण शेकडो झाडे म्हणतो, ती जनुकांच्या हिशेबाने बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

क्लोन कोणता, यावर वीथीचे रूप ठरते. काही क्लोनच्या बुंध्याशी फुटव्यांचे दाट जंजाळ माजते, काहींचा बुंधा स्वच्छ राहतो. कोणाच्या फांद्या वर झेपावतात, कोणाच्या कमानीसारख्या झुकतात. पडलेल्या झाडाच्या जागी बाजारात मिळेल ते लिंडन आणून लावले, की पुढच्या पिढीला रांगेतले ते ठिगळ स्पष्ट दिसू लागते.

सगळ्यांचे वय एकच

वीथीतली झाडे एकाच जातीची, अनेकदा एकाच क्लोनची आणि एकाच वर्षी लावलेली असतात. जंगलात असे कधीच नसते. तिथे रोपटे, तरुण झाड आणि जख्ख म्हातारा वृक्ष शेजारीशेजारी असतात. एक पडला की उजेडाची फट मिळते आणि वाट पाहणारे रोप वर सरसावते. वीथीत वाट पाहणारे कोणी नसते. सगळे एकदम तरुण होतात आणि एकदमच म्हातारे.

मग सुरू होते गळती. आज एक, पाच वर्षांनी तीन. मोकळ्या जागेत नवे रोप लावावे, तर दोन्ही बाजूंच्या उंच झाडांची सावली त्याच्यावर पडते. ते उजेडाकडे झुकते आणि वाकडे वाढते. जमिनीतले पाणी आणि क्षार आधीच्या मुळांनी वाटून घेतलेले असतात. त्यात वीथी म्हणजे माणसांच्या चालण्याची जागा. पायांनी आणि वाहनांनी माती घट्ट दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. याचा एक अनपेक्षित पुरावा १६ ऑक्टोबर १९८७च्या पहाटे मिळाला. त्या रात्रीच्या वादळाने दक्षिण इंग्लंडमधील सुमारे दीड कोटी झाडे पाडली. लंडनच्या क्यू उद्यानात एका जुन्या ओक वृक्षाला वाऱ्याने मुळांसकट वर उचलले आणि पुन्हा जागेवर ठेवले. झाड मरेल असे सर्वांना वाटले. उलट ते पूर्वीपेक्षा जोमाने वाढू लागले. वादळाने त्याच्या मुळांभोवतीची दाबलेली माती मोकळी करून दिली होती. तेव्हापासून जुन्या झाडांखालची माती पोकळ करणे हा देखभालीचा महत्त्वाचा भाग झाला.

हॅम्प्टन कोर्टला वय, वादळे आणि ठिगळे हे सगळेच भोगावे लागले. मूळ आराखडाही जसाच्या तसा राहिला नव्हता. पुढे गादीवर आलेल्या तिसऱ्या विल्यमने राजवाड्याची पूर्व बाजू नव्याने बांधली, तिच्यासमोर कारंज्यांची भव्य बाग केली आणि त्यासाठी कालव्याचे राजवाड्याकडचे टोक बुजवले. रांगा मात्र टिकल्या. त्या रांगा म्हणजेच या बागेचे स्थापत्य आहे. भिंती नसलेली ही इमारत झाडांनीच उभी केलेली आहे.

एल्मने शिकवलेला धडा

सारखेपणाचा खरा धोका काय असतो, हे इंग्लंडला लिंडनने नव्हे तर एल्मने शिकवले. इंग्लिश एल्म हे तिथल्या शेतशिवारांचे आणि अनेक वीथींचे लाडके झाड होते. तेही बियांपासून जवळपास वाढतच नाही. मुळांतून निघणाऱ्या फुटव्यांनी पसरते. २००४मध्ये स्पॅनिश संशोधकांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लिश एल्म हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, रोमन काळातील एकच क्लोन असल्याचे दाखवून दिले. रोमन शेतकरी द्राक्षाचे वेल चढवण्यासाठी एल्म लावत. त्यांच्याबरोबर हे झाड इटलीतून स्पेनमध्ये आणि ब्रिटनमध्ये गेले असावे.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडाबरोबर एका बुरशीचा अतिशय आक्रमक प्रकार ब्रिटनमध्ये शिरला. सालीखाली राहणारे छोटे भुंगेरे या बुरशीचे बीजाणू झाडोझाडी नेतात. बुरशी झाडाच्या जलवाहिन्यांत पसरते, झाड त्या वाहिन्या बंद करून स्वतःचा बचाव करू पाहते आणि त्यातच पाण्यावाचून मरते. रांगेत लावलेल्या एल्मची मुळे जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असतात. त्यामुळे भुंगेऱ्याची गरजही न लागता रोग शेजारच्या झाडात उतरतो. जनुके तीच असल्याने एकाला जे सोसवले नाही, ते कोणालाच सोसवले नाही. ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. ब्लेनम राजवाड्याच्या भव्य वीथीतील एल्मही त्यात गेले. त्यांच्या जागी लावण्यात आले ते लिंडन.

रस्त्यापलीकडची चेस्टनट वीथी

हॅम्प्टन कोर्टच्या उत्तरेला, रस्ता ओलांडला की बुशी पार्क लागते. तिथे तिसऱ्या विल्यमच्या काळात, १६९९मध्ये, हॉर्स चेस्टनटची सुमारे दीड किलोमीटर लांबीची वीथी लावण्यात आली. तिच्या बाजूंनाही लिंडनच्या रांगा आहेत. मे महिन्यात चेस्टनटला पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. ते पाहायला व्हिक्टोरियन काळात लंडनहून लोकांच्या झुंडी येत असत.

या झाडांमागे दोन नवी संकटे लागली आहेत. पहिले म्हणजे पाने पोखरणारी नागअळी. १९८४मध्ये मॅसेडोनियातील ओह्रिड सरोवराजवळ ती प्रथम संशोधकांच्या नजरेस आली आणि २००२मध्ये लंडनला पोहोचली. तिच्यामुळे ऐन उन्हाळ्यातच पाने करपून शरद ऋतू आल्यासारखा वाटतो. झाड सहसा मरत नाही, पण दरवर्षी अशक्त होते.

दुसरे संकट जीवाणूचे आहे आणि त्याचा माग भारतापर्यंत जातो. या जीवाणूमुळे खोडाची साल फुटते आणि काळसर द्रव ओघळतो. सालीभोवती पूर्ण कडे पडले तर झाड मरते. हा जीवाणू पहिल्यांदा सापडला तो भारतात, १९६९मध्ये, हिमालयातील बनखोर या झाडावर. बनखोर हे हॉर्स चेस्टनटचे भारतीय भावंड. तिथे तो फक्त पानांवर ठिपके पाडतो. बनखोराची आणि त्याची फार जुनी ओळख असल्याने दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले असावे. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले, की ब्रिटनमधील रोगकारक जीवाणू या भारतीय जीवाणूचा जवळचा आप्त आहे आणि तो तिथे अलीकडेच पोहोचला आहे. युरोपातील झाडाची या पाहुण्याशी ओळख नव्हती आणि हजारो झाडे आजारी पडली.

तोडायचे की सांधायचे?

वीथी म्हातारी झाली की व्यवस्थापकांपुढे दोनच मुख्य वाटा असतात. पडेल त्या जागी नवे लावत राहायचे किंवा सगळी रांग एकदम तोडून नव्याने लावायची. पहिल्या वाटेने जुनी झाडे वाचतात, पण रांग हळूहळू विस्कटते. दुसऱ्या वाटेने रांग पुन्हा जन्माला येते, पण एक-दोन पिढ्यांना काटकुळी रोपेच पाहावी लागतात आणि लोकांचा रोषही ओढवतो.

फ्रान्समधील व्हर्साय येथे दुसरी वाट धरण्याची परंपरा जुनी आहे. तिथली बाग चौदाव्या लुईने १६६०च्या दशकात उभारायला घेतली. शंभर वर्षांत झाडे जीर्ण झाली. सोळावा लुई १७७४मध्ये गादीवर येताच ती तोडून नवी लावण्याचे काम सुरू झाले. चित्रकार ह्युबेर रोबेर याने आडव्या पडलेल्या वृक्षांचे ते दृश्य रंगवून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात पुन्हा तेच झाले. डिसेंबर १९९९च्या वादळाने व्हर्सायची हजारो झाडे पाडली, तेव्हा तिसऱ्या मोठ्या लागवडीला वेग आला. वृक्ष बदलायचे, आराखडा राखायचा, अशी ही समजूत.

तिला जीवशास्त्राचा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हातारे झाड निरुपयोगी नसते. पोकळ झालेल्या बुंध्यात घुबडे आणि वटवाघळे राहतात. कुजणाऱ्या लाकडावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या काही दुर्मीळ जाती फक्त शेकडो वर्षांच्या झाडांतच सापडतात. हॅम्प्टन कोर्टचे होम पार्क आणि शेजारचे बुशी पार्क यांना २०१४मध्ये विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून संरक्षण मिळाले, त्यामागे जुने वृक्ष आणि त्यांवर जगणारे कीटक हे प्रमुख कारण होते. तीनशे वर्षांचा पोकळ बुंधा रोपवाटिकेतून विकत आणता येत नाही.

म्हणून आता मधली वाट शोधली जाते. वीथीचे तुकडे पाडून टप्प्याटप्प्याने लागवड करणे, जुन्या रांगेच्या बाहेरच्या बाजूला नवी रांग आधीच वाढवून ठेवणे, तोडलेले ओंडके जाळून न टाकता कीटकांसाठी उद्यानातच पडू देणे, मूळ झाड मरण्यापूर्वी त्याची कलमे करून ठेवणे, असे उपाय योजले जातात.

सारखेपणा किती हवा?

शेवटी प्रश्न उरतो, तो सारखेपणाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील शास्त्रज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९०मध्ये शहरांसाठी एक साधा हिशेब मांडला होता. शहरातील एकूण झाडांत एका जातीची झाडे १० टक्क्यांहून, एका प्रजातीची २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक नसावीत. म्हणजे एखादा रोग आला तरी सगळे शहर एकदम उजाड होणार नाही. हा हिशेब जगभर वापरला जातो. पण त्यात एक फट आहे. दहा जाती लावल्या आणि प्रत्येक जातीचा एकच क्लोन लावला, तर कागदावर विविधता दिसते, जमिनीत मात्र ती नसते.

हा धडा फक्त राजेरजवाड्यांच्या बागांपुरता नाही. मुंबईत रस्त्यांच्या कडेने एकाच जातीचे पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने लावले गेले. गेल्या दशकात त्यांच्यावर पिठ्या ढेकणांचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा भरल्या पावसाळ्यातही वाळून उभे राहिलेले वृक्ष मुंबईकरांनी पाहिले. रांगेत लावलेली सारखी झाडे दिसायला देखणी असतात आणि देखभालीला सोपी. संकट आले की मात्र ती एकाच झाडासारखी वागतात.

ऐतिहासिक वीथीत हवी तशी सरमिसळ करता येत नाही, कारण सारखेपणा हाच तिचा प्राण असतो. तिथे करता येण्यासारखे आहे ते इतकेच: दिसायला सारखे पण जनुकांनी वेगळे असे दोन-तीन क्लोन निवडणे, आयात रोपांवर नजर ठेवणे, माती मोकळी ठेवणे आणि पुढच्या लागवडीचा विचार झाडे उभी असतानाच करणे. लाँग वॉटरच्या काठी २००३-०४मध्ये लावलेली लिंडन अजून तरुण आहेत. त्यांनी पूर्ण वाढ गाठून कालव्यावर सावली धरली, तेव्हा ती पाहायला आज त्यांची निगा राखणाऱ्यांपैकी कोणी नसेल. चार्ल्सच्या माळ्यांनाही ती पूर्ण वाढलेली पाहायला मिळाली नव्हती. वीथी लावणारा आणि तिची सावली घेणारा हे नेहमीच वेगळे असतात. मधल्या काळात तिचा सांभाळ करणाऱ्याच्या हाती मात्र बरेच काही असते.